शिसं पकडणारी छापील पट्टी

“साखर तपासतात तशा पट्टीवर आता पाणीही तपासतात म्हणे, बघून या,” संपादकांनी एवढंच सांगून पिटाळलं. पट्टीची कुळकथा छोटी आहे. 1962 मध्ये लेलँड क्लार्क यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी जमवली. 1987 मध्ये पेनाएवढा ‘एक्झॅकटेक’ मीटर बाजारात आला आणि रक्तशर्करा घरच्या घरी मोजता येऊ लागली.

मी रेंगाळलो तो छपाईपाशी. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे असते तशीच ताणलेली जाळी आणि तशीच रबरी स्क्वीजी. फक्त शाई कार्बनची आणि कागदाच्या जागी प्लॅस्टिकचा पत्रा. “हात जड पडला की थर बदलतो, आणि थर बदलला की आकडा,” स्क्वीजी ओढता ओढता तंत्रज्ञ म्हणाला. मग दुसऱ्या जाळीतून चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची शाई, आणि शेवटी ओव्हन. बोटाएवढ्या पट्टीवर तीन इलेक्ट्रोड तयार.

खरी गंमत पुढे. पाण्याच्या नमुन्यात आम्लधर्मी द्रावण आणि किंचित बिस्मथ मिसळून थेंब पट्टीवर ठेवतात. सुमारे उणे 1.2 व्होल्ट दिले की विरघळलेलं शिसं आणि कॅडमियम बिस्मथसोबत कार्बनवर येऊन बसतात. थोडा वेळ ते साठू द्यायचे, मग व्होल्टेज हळूहळू चढवायचं. आधी कॅडमियम सुटतं, मग शिसं, शेवटी बिस्मथ. सुटताना प्रत्येक जण विद्युतप्रवाहाच्या आलेखावर उंचवटा उठवतो. उंचवट्याच्या जागेवरून धातू ओळखायचा, उंचीवरून प्रमाण. आधी साठवून घेतल्यामुळेच लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ही शिशाची भारतीय मर्यादा या पट्टीच्या आवाक्यात येते. पूर्वी हे काम विषारी पाऱ्यावर चाले. 2000 मध्ये जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी त्याजागी बिस्मथ वापरून दाखवला. या बिस्मथचे क्षार पोटाच्या औषधातही असतात.

विहिरीचं पाणी मात्र प्रयोगशाळेतल्यासारखं शहाण्यासारखं वागत नाही. त्यात तांबं असलं तर शिशाचा उंचवटा खुजा होतो. गाळाला चिकटलेलं शिसं आम्लाने सोडवल्याशिवाय दिसतच नाही. अशीच पट्टी कीटकनाशकांसाठीही असते, पण तिच्यावर एन्झाइम असतं आणि उन्हाळ्यात ते टिकवणं कठीण. शिवाय पट्टी ज्यासाठी बनवली, तेवढंच तिला कळतं. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अंशांमुळे. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांसाठी बनवलेल्या पट्टीच्या भरवशावर राहिलं असतं, तर माल निर्धास्तपणे कंटेनरमध्ये चढला असता.

त्यामुळे आज तरी पट्टीने संशयित नमुने वेगळे काढावेत आणि निकाल प्रयोगशाळेने द्यावा, हेच बरं. पट्टी स्वस्तात छापता येते. पण दर नव्या खेपेतल्या काही पट्ट्या माहितीच्या द्रावणावर पारखून घ्यायला जाणता माणूस लागतो, आणि पट्टीची किंमत सांगताना त्याचा पगार कुणी धरत नाही.