हत्तीरोगाचा पाय : रोज धुवा, रोवणीत जपा



धानाच्या रोवणीच्या दिवसांत प्रात्यक्षिकांसाठी पूर्व विदर्भातील गावांत जाणे होते. बांधीत सारे पऱ्हे लावीत असतात आणि एखादी बाई किंवा गडी धुऱ्यावर बसलेला दिसतो. पाय सुजून जाड झालेला, अंगात ताप. ऐन हंगामात आठवड्याची मजुरी बुडते. घरचे म्हणतात, "या पायाला आता इलाज नाही." हा समज बरोबर नाही.

रोग कसा होतो?

चिखलात काम केल्याने हत्तीरोग होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा रोग सुतासारख्या बारीक जंतांमुळे होतो व क्यूलेक्स डासांमार्फत पसरतो. हे डास बांधीपेक्षा गटारे, सांडपाण्याची डबकी व संडासाच्या टाक्या यांत अधिक वाढतात. मोठे जंत शरीरातील लसिकावाहिन्यांत राहतात व त्या निकामी करतात. निचऱ्याचा चर बुजला की बांधीत पाणी तुंबते, तसाच पायात द्रव साचतो.

पाय वाढत का जातो?

तुंबलेल्या पायाची कातडी नाजूक होते. चिखल्या, भेगा किंवा काट्याची जखम यांतून इतर रोगजंतू आत शिरतात. मग थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, जांघेत अवधान येते. अशा प्रत्येक दुखण्यानंतर सूज थोडी वाढते. म्हणून कातडी सांभाळणे हाच मुख्य उपचार आहे.

पायाची निगा

१) पाय रोज स्वच्छ पाणी व साबणाने धुवावा. कातडीच्या घड्या व बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने साफ कराव्यात. ब्रश किंवा दगडाने घासू नये.
२) मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडा करावा.
३) चिखल्या किंवा जखम असल्यास आरोग्य केंद्रातून मिळणारे मलम लावावे.
४) बसताना व झोपताना पाय उंचावर ठेवावा. घोटा दिवसातून अनेकदा वरखाली हलवावा.
५) सैल चप्पल वापरावी.
६) जखम असेपर्यंत चिखलात उतरू नये, कोरडे काम करावे. चिखलात काम केल्यास घरी येताच पाय धुवावा.

ताप येऊन पाय लाल झाल्यास विश्रांती घ्यावी, पायावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात व डॉक्टरांना दाखवावे. मालीश करू नये, डागू नये. अंडवृद्धी झाल्यास ती शस्त्रक्रियेने बरी होते.

गोळ्या निरोग्यांनीही घ्याव्यात

अनेकांच्या रक्तात जंतांची पिल्ले असतात, पण बाहेरून काहीच दिसत नाही. ही पिल्ले रात्री रक्तात फिरतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. भारतात २००४ पासून सामुदायिक औषधोपचार मोहीम सुरू झाली. त्यात डी.ई.सी. व अल्बेंडाझोल गोळ्या दिल्या जातात. २०१८ पासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टीनही जोडले गेले. मोहीम असेल तेथे जेवणानंतर, कर्मचाऱ्यांसमोर गोळ्या गिळाव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. नंतर किंचित ताप, डोकेदुखी किंवा मळमळ झाली तर घाबरू नये. बहुधा ती पिल्ले मरत असल्याची खूण असते. त्रास वाढल्यास आरोग्य केंद्रात जावे. मात्र जुनी सूज या गोळ्यांनी उतरत नाही, त्यासाठी पायाची निगाच हवी.

याबरोबरच गटारे वाहती ठेवावीत, संडासाच्या वायुनळीला जाळी बांधावी व मच्छरदाणीत झोपावे.

रोवणीपूर्वी आपण बियाणे व खताची तजवीज करता. घरात असा पाय असल्यास साबण, टॉवेल व मलम यांचीही तजवीज आधीच करावी, म्हणजे घरचे माणूस हंगामात अंथरुणाला खिळणार नाही.