जिताड्यावरचा बिऱ्हाडकरू

आम्हा पेणकरांना जिताडा घरचाच. खाडीतली पिल्ले आणून शेततळ्यात वाढवायची आणि रोह्याचे मामा आले की जाळे टाकायचे. एकदा मामांनी विचारले, "खाडीच्या माशाबरोबर त्याची कीड तळ्यात येत नाही का रे?"

समुद्रात जिताड्याच्या कातडीवर निओबेनेडेनिया हा काही मिलिमीटरचा चपटा कृमी आढळतो. पारदर्शक असल्याने तो सहज दिसत नाही. याचे फार जुने पूर्वज मोकळे हिंडत. आता पोहते ते फक्त पिल्लू, अंगावरच्या सूक्ष्म केसांनी. मासा सापडला की ते केस टाकून देते. मग मागच्या टोकाच्या आकडेदार चकतीने घट्ट चिकटायचे आणि माशाची कातडी खायची. अंड्यांना लांब धागे असतात. ती जाळ्यात गुंततात आणि पिल्लांना मासा जवळच मिळतो.

या कृमीने माशाशी जुळवून घेतले, गोड्या पाण्याशी मात्र नाही. जिताडा दोन्ही पाण्यांत जगतो. कृमी गोड्या पाण्यात पांढरा पडून गळतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियात समुद्रात पाळलेल्या जिताड्यांना गोड्या पाण्याची अंघोळ घालतात. अंडी तिला दाद देत नाहीत, त्यामुळे ती पुन्हा घालावी लागते.

गोड्या पाण्याची कीड वेगळी, तिच्यावर लक्ष हवेच. पण या खाऱ्या पाहुण्यापुरते मामांना सांगितले, "आपल्या तळ्यात ही अंघोळ रोजचीच!"