एका फुटबॉल संघाला ‘मृत्युदंड’

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं वेड असलेल्यांनी ही गोष्ट वाचाच. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एसएमयूचा, संघ ऐंशीच्या दशकात टेक्सासमध्ये दबदबा राखून होता. खेळाडूंना पगार देणं तेव्हा नियमबाह्य होतं. पण इथे श्रीमंत चाहत्यांच्या गुप्त निधीतून मुलांना दरमहा पैसे पोचायचे. आधी शिक्षा झाली, तरी पाकिटं थांबली नाहीत. एका वर्षात 13 खेळाडूंना सुमारे 61,000 डॉलर वाटले गेले.

फेब्रुवारी 1987 मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने त्या वर्षाचा अख्खा हंगाम रद्द केला. हाच तो ‘मृत्युदंड’. पुढच्या वर्षी घरच्या मैदानावरचे सामने बंद. मग विद्यापीठाने 1988 चा हंगामही सोडूनच दिला.

खरी मेख पुढे आहे. काही दिवसांतच टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं, की विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना पैसे चालू ठेवायला त्यांची संमती होती. कारण काय, तर मुलांना शब्द दिला होता! गव्हर्नरपद मात्र शाबूत राहिलं. संघाला पुन्हा बोल गेम, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, खेळायला 2009 उजाडलं.

माझ्या मते शिक्षा चुकीची नव्हती, पण ती भोगली खेळाडूंनी आणि नंतर आलेल्या, काहीच न केलेल्या पोरांनी. मंडळातले बडे लोक सुटले.

आणि हो, 2025 पासून अमेरिकेत विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. अगदी कायदेशीर.