विश्लेषण : ऑडिओ इंटरफेस खरेच बिघडला आहे का? दुरुस्तीला देण्यापूर्वी काय तपासावे?

लॅपटॉप, मायक्रोफोन, हेडफोन आणि ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची छोटी पेटी. एवढ्या सामग्रीवर आज घरातल्या खोलीत गाणी, पॉडकास्ट, ऑडिओबुक आणि जाहिरातींचे व्हॉइस-ओव्हर तयार होतात. पण काम द्यायच्या दिवशीच आवाज गायब होतो, करकर ऐकू येते किंवा मागे सतत ‘घूंऽऽ’ सुरू राहते. मग पेटी बिघडली असे समजून ती दुरुस्तीला जाते किंवा नवी घेतली जाते. नवी पेटी जोडल्यावरही तोच आवाज आला, तर पैसे गेलेले असतात आणि मुदतही.

पेटीवरच संशय का येतो?

मायक्रोफोनमधून येणाऱ्या विद्युत लहरींचे आकड्यांत रूपांतर करून ते संगणकाला देणे आणि संगणकाकडून आलेल्या आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणे, हे इंटरफेसचे काम. त्यासाठी केबल, यूएसबी पोर्ट, वीजपुरवठा, ड्रायव्हर आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर या सगळ्यांची साखळी लागते. यातली कोणतीही कडी निखळली तरी परिणाम आवाजावर होतो आणि दोष समोर दिसणाऱ्या पेटीला दिला जातो. म्हणून तपासणीचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते लिहून ठेवायचे.

संगणकाला पेटी दिसतच नसेल तर?

सुरुवात केबलपासून करावी. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगसाठी असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. अशी केबल जोडली तर पेटीवरचा दिवा लागतो, पण संगणकाला पेटी सापडत नाही. केबल बदलून पाहावी, मधला यूएसबी हब काढून पेटी थेट लॅपटॉपला जोडावी आणि पोर्टही बदलून पाहावा.

वीजही महत्त्वाची आहे. यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणित मर्यादेनुसार ५ व्होल्टला ५०० मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते. त्यातूनच पेटी चालते आणि कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही तयार होते. स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर नसलेल्या हबवर हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि इंटरफेस एकत्र जोडले की पेटी मधूनच बंद पडू शकते.

पेटी दिसते, पण रेकॉर्डिंग कोरे का येते?

विंडोज आणि मॅक या दोन्हींत मायक्रोफोन वापरण्याची परवानगी प्रायव्हसी सेटिंगमध्ये द्यावी लागते. मॅकमध्ये ही पद्धत २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून आली. परवानगी नाकारलेली असेल, तर सगळे काही सुरू दिसते, पण रेकॉर्डिंगमध्ये शांतता असते. परवानगी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये योग्य इनपुट निवडले आहे का आणि कंडेन्सर मायक्रोफोन असल्यास ४८ व्होल्टचे बटण दाबले आहे का, ते पाहावे. मायक्रोफोन जोडताना किंवा काढताना मात्र हे बटण बंद ठेवावे.

करकर किंवा तुटक आवाज कशामुळे?

संगणक आवाज सलग धारेने पाठवत नाही, छोट्या-छोट्या घासांनी पाठवतो. या घासाला ‘बफर’ म्हणतात. पंगतीत ताटातली पोळी संपण्याआधी दुसरी आली नाही तर जेवणाऱ्याचा हात थांबतो. तसाच पुढचा घास वेळेवर आला नाही की आवाज तुटतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असताना १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे अवघे २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात वाय-फायचा ड्रायव्हर किंवा पार्श्वभूमीला चाललेले अपडेट मध्ये आले, तरी करकर होते.

बफर ५१२ केला तर संगणकाला ११.६ मिलिसेकंद मिळतात, पण गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. म्हणून गाताना बफर लहान आणि मिक्सिंग करताना मोठा ठेवतात. लॅपटॉपचा बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. विंडोजवर सॉफ्टवेअरमध्ये पेटीच्या कंपनीचा ‘असिओ’ ड्रायव्हर निवडला आहे का, हेही पाहावे.

गाण्याची पट्टीच बदलली असेल तर?

हा सॅम्पल रेटचा गोंधळ असू शकतो. ४४,१०० वर रेकॉर्ड केलेले गाणे ४८,००० च्या वेगाने वाजले, तर ते जवळपास ९ टक्के जलद होते. काळी एकमध्ये गायलेले गाणे मग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसते. प्रोजेक्ट, इंटरफेस आणि संगणकाचे साउंड सेटिंग या तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवावा.

मागची ‘घूंऽऽ’ कशी घालवावी?

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. लॅपटॉपचा चार्जर आणि स्पीकर वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडलेले असतील, तर त्यांच्यात ‘ग्राउंड लूप’ तयार होतो आणि विजेची घरघर आवाजात उतरते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. घरघर थांबली तर दोष वीजजोडणीत आहे, पेटीत नाही.

अशा वेळी सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल वापरावी. तरीही आवाज राहिला तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावता येतो. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय मात्र कधीही करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. उपकरणात वीज उतरली तर धातूचा मायक्रोफोन हातात धरलेल्या गायकाला थेट धक्का बसू शकतो. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

अपडेटनंतर जुनी पेटी का बंद पडते?

पेटी ठणठणीत असते, पण नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला तिची भाषा कळत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेकांनी संगणक बदलले किंवा अपग्रेड केले, पण जुन्या पेटीसाठी कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेला असेलच असे नाही. अपडेटचे बटण दाबण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल तपासावे आणि हातातले काम संपेपर्यंत अपडेट पुढे ढकलावे. सेकंडहँड पेटी घेताना ‘क्लास कम्प्लायंट’ मॉडेल निवडावे, ते मॅकवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते.

मग दुरुस्तीला कधी द्यायची?

दुसरी केबल, दुसरा संगणक आणि दुसरी खोली, तिन्ही बदलूनही तोच दोष राहिला तर बिघाड पेटीत आहे असे समजावे. यूएसबीचे सॉकेट हलत असेल, नॉब फिरवताना खरखर होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर आणखी प्रयोग न करता पेटी बंद करावी. दुकानात नेताना दोषाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि केलेल्या चाचण्यांची यादी सोबत द्यावी. दोष कधी आणि कशात दिसतो हे कळले की कारागिराचा वेळ वाचतो आणि ‘आमच्याकडे तर नीट चालतेय’ म्हणून पेटी परत येण्याची शक्यताही कमी होते.