पाव मैलाची शर्यत आणि कार्बोरेटरचा हिशेब

या पानाचे अनेक वाचक गॅरेजच्या धंद्यात आहेत. कार्बोरेटर खोलणे, धुणे, जेट फुंकून साफ करणे आणि स्क्रू फिरवून गाडी ‘लाईनीवर’ आणणे हे काम त्यांच्या रोजच्या हाताखालचे आहे. हेच काम अमेरिकेत एका खेळासाठी किती काटेकोरपणे केले जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या खेळाचे नाव ड्रॅग रेसिंग. त्यात कारागिराच्या हाताची परीक्षा दर फेरीला होते आणि निकाल छापील कागदावर मिळतो.

खेळ काय आहे?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची शर्यत. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. दोन्ही गाड्या उभ्या अवस्थेतून निघतात. दिव्यांच्या खांबावर हिरवा दिवा लागला की सुटायचे आणि आधी रेषा ओलांडायची. अमेरिकेत या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. सार्वजनिक रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या तरुणांना बंदिस्त धावपट्टी मिळावी, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

‘मसल कार’ ही १९६० च्या दशकातील गाडी. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, ही त्यामागची युक्ती. १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ ही या घराण्याची सुरुवात मानली जाते. शेव्हर्ले कंपनीची शेव्हेल एसएस ३९६ ही तशीच दुसरी गाडी. तिच्या नावातील ३९६ म्हणजे इंजिनाचे घनइंच. आपल्या हिशेबाने साडेसहा लिटर, म्हणजे पद्मिनीच्या सहा इंजिनांएवढे एक इंजिन! एवढ्या इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवायला चार तोंडांचा कार्बोरेटर लागतो. त्यात हॉली कंपनीचा ४१५० हा प्रकार सर्वांत प्रसिद्ध. तो १९५७ साली फोर्डच्या थंडरबर्डवर आला आणि त्याच घाटणीचे कार्बोरेटर आजही नवे विकत मिळतात.

आधी माप, मग ट्यूनिंग

कार्बोरेटर किती मोठा हवा याचा हिशेब साधा आहे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. म्हणून घनइंचांना फेऱ्यांनी गुणायचे आणि ३४५६ ने भागायचे. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, त्याची दुप्पट म्हणजे हा आकडा. ३९६ घनइंचाचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या फिरत असेल तर उत्तर येते सुमारे ६८८ घनफूट हवा. अशा इंजिनाला ७५० घनफुटांचा कार्बोरेटर शोभतो. निव्वळ मोठा बसवला म्हणजे ताकद वाढते असे नाही. तोंड फार मोठे असेल तर हवेचा वेग पडतो, जेटमधून पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि सुरुवातीचा पिकअप जातो.

दुसरी गोष्ट, कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी बाकीचे घर तपासायचे. इग्निशन टायमिंग, प्लग, टॅपेट, एअर फिल्टर, आणि मॅनिफोल्डच्या गास्केटमधून हवा तर येत नाही ना? पुष्कळदा दोष इग्निशनचा असतो आणि बदनाम कार्बोरेटर होतो. पेट्रोलचा दाबही मोजायचा. हॉलीला तो साधारण ५ ते ७ पौंड लागतो. कमी पडला तर धावपट्टीच्या शेवटी फ्लोट चेंबर रिकामा होतो, जास्त झाला तर नीडल व्हॉल्व्ह दबून पेट्रोल ओव्हरफ्लो होते.

पाच पायऱ्या

पहिली पायरी फ्लोटची. चेंबरच्या बाजूला एक लहान बूच असते. इंजिन चालू असताना ते काढले की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाशी यायला हवे, धार लागता कामा नये. हे काम करताना कपडा व आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवायचे, कारण खाली मॅनिफोल्ड तापलेला असतो. ड्रॅग रेसमध्ये आणखी एक अडचण येते. गाडी सुटताना जबर झटका बसतो आणि चेंबरमधले पेट्रोल मागच्या भिंतीवर चढते. पुढच्या चेंबरचे जेट त्याच बाजूला असल्यामुळे त्यांना पेट्रोल मिळते. मागच्या चेंबरचे जेट मात्र उलट बाजूला असल्याने कोरडे पडतात. म्हणून मागच्या जेटला मागच्या भिंतीकडे जाणाऱ्या लांब नळ्या जोडतात आणि त्या नळ्यांना जागा मिळावी म्हणून खाच असलेला फ्लोट बसवतात.

दुसरी पायरी आयडलिंगची. मिक्स्चरचे स्क्रू पूर्ण आवळून दीड-दीड आटा सोडायचे, मग व्हॅक्यूम गेज लावून सर्व स्क्रू सारखे, थोडे थोडे फिरवायचे. काटा जिथे सर्वांत वर जातो ती जागा बरोबर. स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल तर थ्रॉटलची पट्टी जास्त उघडी आहे आणि पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येत आहे असे समजावे.

तिसरी पायरी पॉवर व्हॉल्व्हची. इंजिनावर भार पडून व्हॅक्यूम घसरला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पेट्रोल देतो. त्यावर ६.५ किंवा ४.५ असा आकडा असतो. तितके इंच व्हॅक्यूम उरले की तो उघडणार, असा त्याचा अर्थ. रेसच्या इंजिनाला तिखट कॅमशाफ्ट असतो, त्यामुळे आयडलिंगलाच व्हॅक्यूम कमी असतो. समजा तो ८ इंच आहे आणि व्हॉल्व्ह ६.५ चा आहे. मग इंजिन थोडे डगमगले तरी व्हॉल्व्ह उघडून धूर काढणार. ढोबळ नियम असा की आयडलिंगच्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह निवडावा.

चौथी पायरी अॅक्सिलरेटर पंपाची. पाय एकदम दाबला की हवा लगेच आत घुसते, पण जेटमधले पेट्रोल क्षणभर मागे राहते. ती पोकळी पंपाची पिचकारी भरून काढते. पिचकारीच्या भोकावर आकडा असतो. ३१ म्हणजे एक इंचाचा हजारावा भाग असे ३१. गाडी सुटताना अडखळली आणि कार्बोरेटरमधून ‘फट्’ आवाज आला तर पेट्रोल कमी आहे, भोक मोठे करा. काळा धूर सोडून गाडी सुस्त निघाली तर पेट्रोल जास्त आहे, भोक लहान करा.

पाचवी आणि शेवटची पायरी मेन जेटची. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. पण पूर्ण थ्रॉटलला सर्वाधिक ताकद १२.५ ते १३ भाग हवेवर मिळते, म्हणजे मिक्स्चर थोडे रिच हवे. सुरुवात नेहमी रिच बाजूने करायची. रिच गाडी हळू पळते, एवढेच. लीन गाडी तापते, ठोके देते आणि एका फेरीत पिस्टनला भोक पडू शकते. चुकीची किंमत इथे जेटच्या दामात नाही, संपूर्ण इंजिनाच्या दामात मोजावी लागते.

कागद काय सांगतो

फेरी संपली की चालकाला एक चिठ्ठी मिळते. तिला टाइम स्लिप म्हणतात. पहिले ६० फूट किती सेकंदांत गेले, ३३० फूट किती, अर्धे अंतर किती, पूर्ण अंतर किती आणि शेवटच्या रेषेवर वेग किती, हे सर्व त्यावर छापलेले असते. जाणता मेकॅनिक ही चिठ्ठी धंद्याच्या रोजमेळीसारखी वाचतो. पहिल्या ६० फुटांचा वेळ पंपाची पिचकारी, क्लच आणि टायर यांच्याबद्दल बोलतो. शेवटच्या रेषेवरचा वेग इंजिनाच्या ताकदीबद्दल, म्हणजेच मेन जेटबद्दल बोलतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुढे ७२ व मागे ८० नंबरचे जेट आहेत आणि शेवटचा वेग आला ताशी १०४.२ मैल. दोन्हीकडे दोन-दोन नंबर वाढवले, वेग आला १०५.१. आणखी दोन वाढवले, वेग उतरला १०४.६. आता वाद उरत नाही, ७४ आणि ८२ वर परत यायचे. यात अट एकच, एका फेरीला एकच बदल. जेटही बदलला, टायमिंगही हलवले आणि वेग वाढला, तर श्रेय कोणाला द्यायचे? दोनपैकी एक बदल उलट नुकसान करत असेल, तरी ते कळणार नाही.

यासाठी प्रत्येक चांगला मेकॅनिक वही ठेवतो. तारीख, जेट, पिचकारी, टायमिंग, तापमान, हवेचा दाब, ओलावा आणि चिठ्ठीतील आकडे. हवेची नोंद यासाठी की कार्बोरेटरला हवा बदललेली आपोआप कळत नाही. दुपारी हवा तापून विरळ होते, मिक्स्चर रिच होते. संध्याकाळी गार, कोरडी हवा जड होते, तेच मिक्स्चर लीन होते. दुपारी जो जेट उत्तम होता तोच संध्याकाळी पिस्टन खाऊ शकतो. डेन्व्हरजवळ बँडिमिअर नावाची धावपट्टी होती, तिथे २०२३ पर्यंत शर्यती झाल्या. समुद्रसपाटीपासून ती सुमारे ५८०० फूट उंच. तिथे हवा जवळजवळ सहाव्या हिश्श्याने विरळ. दर दोन हजार फुटांना जेटचा एक नंबर कमी, असा ढोबळ हिशेब लोक धरत आणि पुढचे काम वही करत असे.

जिंकतो कोण?

अमेरिकेतील हौशी चालकांत ब्रॅकेट रेसिंग हा प्रकार फार चालतो. त्यात चालक आधीच सांगतो की माझी गाडी इतक्या सेकंदांत अंतर कापेल. हळू गाडीला त्या फरकाइतके आधी सोडले जाते. मात्र सांगितलेल्या वेळेपेक्षा गाडी लवकर पोहोचली तर चालक सहसा बाद होतो. म्हणजे येथे किंमत नुसत्या वेगाला नाही, दिलेल्या शब्दाला आहे. १३.५० सांगितले तर दहा फेऱ्यांत दहादा १३.५० च्या आसपास देणारी गाडी जिंकते. असा कार्बोरेटर ‘हाताच्या अंदाजाने’ तयार होत नाही, तो वहीतून तयार होतो.

या खेळातही कार्बोरेटरचे राज्य आटत आले आहे. वरच्या श्रेणीतील प्रो स्टॉक गाड्यांना २०१६ पासून फ्यूएल इंजेक्शन सक्तीचे झाले. तरी जुन्या गाड्यांच्या वर्गांत कार्बोरेटर टिकून आहे आणि तो जाणणाऱ्या कारागिराला मान आहे.

आपल्या गॅरेजसाठी

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. त्यामुळे अनेक उस्तादांना वाटते की हातातली कला मोडीत निघाली. पण रस्त्यावर जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि जुनी आरएक्स १०० किंवा पद्मिनी प्रेमाने सांभाळणारे गिऱ्हाईक चांगल्या कामाचे दाम मोजते. त्यात एक नवी गरज उभी राहिली आहे. २०२५ पासून पंपावरचे पेट्रोल बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचे आहे. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर तीच गाडी लीन चालते. जुने रबर, डायफ्रॅम आणि ओ-रिंगही त्यात लवकर खराब होऊ शकतात. टू-स्ट्रोक गाडी लीन चालली की पिस्टन धरते, हे कोणा मेकॅनिकला सांगायला नको. गिऱ्हाईक मात्र ‘तुम्ही काम केल्यावर इंजिन बसले’ असेच म्हणणार!

तेव्हा कारागीर बंधूंनी तीन गोष्टी आजपासून सुरू कराव्यात. दहा-वीस रुपयांची एक वही घेऊन प्रत्येक गाडीचा जेट नंबर, स्क्रूचे आटे आणि प्लगचा रंग लिहून ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगात गाडी चालवून पाहावी. आणि शागिर्दाला स्क्रू फिरवायला शिकवण्याआधी फ्लोट, हवेची गळती आणि इग्निशन तपासायला शिकवावे. तीच गाडी सहा महिन्यांनी परत आली की वही उघडून मागचा नंबर सांगता येईल आणि गिऱ्हाइकाशी वाद घालण्याची वेळ येणार नाही.