इंग्रजी शब्दांतील नकार, अभाव, परिहार आणि विरोध : पेण–रोहा परिसरातील अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पनवेल–रोहा लोहमार्गावरील जिते या गावापासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात इंग्रजी ही केवळ परीक्षेची भाषा राहिलेली नाही. धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, महामार्गावरून धावणारे रसायनांचे टँकर, जमिनीच्या व्यवहारांचे दस्तऐवज अशा अनेक ठिकाणी येथील विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द वाचून निर्णय घ्यावा लागतो. अशा वाचनात सर्वाधिक घोटाळा होतो तो नकारवाचक शब्दांच्या बाबतीत. शब्द ओळखीचा असतो; परंतु त्यातील ‘नाही’ नेमके कोणत्या प्रकारचे आहे, हे उमगलेले नसते.

वर्गात बहुधा ‘विरुद्धार्थी शब्द’ या एकाच शीर्षकाखाली अन-, इन-, डिस-, नॉन- या उपसर्गांची यादी दिली जाते. ही यादी पाठ होते. मात्र नकार, अभाव, परिहार आणि विरोध हे चार वेगळे संबंध आहेत ही जाणीव तिच्यातून निर्माण होत नाही. प्रस्तुत लेखात या चार संबंधांचे विवेचन केले असून, मराठीत ते कसे व्यक्त होतात याच्याशी त्यांची तुलना केली आहे.

नकाराचे स्थान : शब्दारंभ आणि वाक्यान्त

मराठीत नकाराचे सूक्ष्म भेद प्रामुख्याने क्रियापदात आढळतात. ‘घरात पाणी नाही’ यात अस्तित्वाचा नकार आहे. ‘हे पाणी नव्हे’ यात ओळखीचा. ‘पाणी नको’ यात इच्छेचा. तर ‘हे पाणी पिऊ नये’ यात औचित्याचा. परिसरातील आगरी बोलीत ‘नाही’चे ‘नाय’ होते, तरी नकार वाक्याच्या शेवटाकडेच राहतो. मराठी श्रोत्याला म्हणूनच वाक्य संपेपर्यंत थांबण्याची सवय असते.

इंग्रजीत ‘नॉट’ हा एकच शब्द साहाय्यक क्रियापदांच्या मदतीने ही सर्व कामे करतो. सूक्ष्म भेद दाखवण्याचे काम तेथे मोठ्या प्रमाणात शब्दाच्या आरंभी येणाऱ्या उपसर्गांकडे जाते. ज्याचे कान वाक्याच्या अंताकडे लागलेले आहेत, त्याच्याकडून शब्दाचा आरंभ निसटणे स्वाभाविक होय. विद्यार्थ्यांच्या अनेक चुकांचे मूळ अज्ञानापेक्षा या सवयीत आहे.

एका मुळाचे अनेक उपसर्ग

इंग्रजीतील विशेषणांना लागणारा अन-, लॅटिनमधून आलेला इन-, ग्रीकमधून आलेला अ- आणि संस्कृतातील अ- हे चारही एकाच भारोपीय मुळापासून निघालेले आहेत. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो (अज्ञान, परंतु अनादर). तसाच नियम ग्रीकमध्येही असल्याने ‘अ‍ॅनार्की’ या शब्दात ‘अन्’ दिसतो. लॅटिन इन- पुढील वर्णानुसार बदलतो व त्यातून इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर ही रूपे सिद्ध होतात. संधीचे नियम शिकलेल्या विद्यार्थ्याला हे साम्य दाखवले, तर पाठांतराचे ओझे बरेच हलके होते.

मात्र दिसायला सारखे असणारे सर्व उपसर्ग एक नव्हेत. ‘अनटाय’, ‘अनलॉक’ यांतील अन- वेगळ्या मुळाचा असून तो झालेली क्रिया उलटवतो. मराठीत येथे ‘अ’ चालत नाही. सोडणे, उकलणे, उसवणे, उलगडणे अशी स्वतंत्र क्रियापदे वापरावी लागतात. दोन्ही अन- एकत्र आल्यामुळेच ‘अनलॉकेबल’ या शब्दाचे ‘ज्याला कुलूप लावता येत नाही असे’ आणि ‘ज्याचे कुलूप उघडता येते असे’ असे दोन अर्थ संभवतात.

याहून गंभीर उदाहरण ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाचे आहे. यातील इन- नकारवाचक नाही. तो ‘आत’ या अर्थाचा आहे, आणि शब्दाचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा होतो. इनव्हिजिबल, इनकरेक्ट हे शब्द शिकलेला विद्यार्थी त्याचा अर्थ ‘न जळणारे’ असा लावू शकतो. हा धोका ओळखूनच विसाव्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात ‘फ्लेमेबल’ या रूपाचा आग्रह धरला गेला. न जळणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ हा शब्द आहे. मराठीतील ‘ज्वलनशील’ व ‘ज्वालाग्राही’ हे शब्द अशी शंका उत्पन्न होऊच देत नाहीत. धाटाव वा नागोठणे येथे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा भेद व्याकरणाच्या गुणांपुरता मर्यादित नाही.

नकार : वर्गीकरण आणि मूल्यनिर्णय

नॉन- हा उपसर्ग केवळ वर्गाबाहेर ठेवतो. अन- आणि इन- पुष्कळदा दोष दाखवतात. ‘नॉन-प्रोफेशनल’ म्हणजे त्या व्यवसायाबाहेरचा; ‘अनप्रोफेशनल’ म्हणजे व्यवसायाला न शोभणारा. दोहोंसाठी ‘अव्यावसायिक’ हा एकच शब्द योजल्यास निरपराध माणसावर ठपका येतो. ‘इम्मॉरल’ म्हणजे अनैतिक, तर ‘एमॉरल’ म्हणजे नीतीच्या निकषाबाहेरचे, नीतिनिरपेक्ष. ‘अनइंटरेस्टेड’ व्यक्तीला विषयात रस नसतो. ‘डिसइंटरेस्टेड’ व्यक्तीचा त्यात स्वार्थ नसतो. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा असावा, पहिल्या प्रकारचा नसावा.

हा भेद मराठी भाषकाला अपरिचित आहे असे नाही. रायगड जिल्ह्यात ‘एन.ए.’ हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. ‘नॉन-अ‍ॅग्रिकल्चरल’ म्हणजे बिगरशेती वा अकृषिक जमीन. येथे जमिनीच्या गुणाविषयी काहीच म्हटलेले नाही, केवळ तिच्या वापराचा वर्ग सांगितला आहे. ‘नापीक’ या शब्दाने जमिनीचा दोष सांगितला जातो, तर ‘पडीक’ या शब्दाने ती सध्या कसली जात नाही एवढेच कळते. खाऱ्या पाण्याने नापीक झालेली जमीन आणि बिगरशेती झालेली जमीन यांत शेतकरी कधी गल्लत करत नाही. नॉन- आणि अन- यांतील अंतर शिकवताना हेच उदाहरण योजणे अधिक फलदायी ठरेल.

‘गैर-’ या मराठी उपसर्गाकडेही या दृष्टीने पाहावे. ‘गैरहजर’मध्ये अभाव आहे, ‘गैरसरकारी’मध्ये वर्गीकरण, तर ‘गैरवापर’मध्ये दोष. इंग्रजीत ही कामे वाटलेली आहेत : ‘मिसयूज’ म्हणजे गैरवापर, ‘डिसयूज’ म्हणजे वापरात नसणे. ‘गैर-’ पाहून विद्यार्थ्याने एकच इंग्रजी उपसर्ग निवडला, तर चूक अटळ होते.

अभाव : उणीव की सुटका

इंग्रजीत अभाव दाखवण्यासाठी -लेस आणि -फ्री हे दोन प्रत्यय विशेष वापरात आहेत. ‘होमलेस’, ‘जॉबलेस’ यांत उणिवेची खंत आहे. ‘स्मोक-फ्री’, ‘टॅक्स-फ्री’ यांत सुटकेचे समाधान आहे. हा नियम सार्वत्रिक नाही, कारण ‘फियरलेस’ हा गौरवाचा शब्द आहे. तरीही -फ्री लावणारा वक्ता ती वस्तू नसणे हिताचे मानतो, हे बहुधा खरे असते.

मराठीतही अशीच व्यवस्था आहे. ‘-हीन’ या प्रत्ययात अनेकदा उणेपणाची छटा असते (दिशाहीन, गुणहीन). ‘-रहित’ तटस्थ आहे. ‘-मुक्त’ स्वागतशील आहे. महाराष्ट्रात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचे नाव, किंवा ग्रामस्वच्छतेच्या कार्यातील ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द पाहिल्यास हे ध्यानात येते. विज्ञानाच्या परिभाषेत मात्र तटस्थता आवश्यक असल्याने ‘अनहायड्रस’साठी निर्जल, ‘अनसॅच्युरेटेड’साठी असंतृप्त, ‘इनऑर्गॅनिक’साठी असेंद्रिय असे शब्द रूढ झाले. या शब्दांत दोष वा गौरव शोधणे अप्रस्तुत होय.

अभाववाचक शब्दाचा अर्थ केवळ घटकांवरून निघत नाही हेही सांगावयास हवे. ‘प्राइसलेस’ म्हणजे अनमोल. ‘वर्थलेस’ म्हणजे कवडीमोल. किंमत नसणे आणि किंमत करता न येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

परिहार : उपसर्गाविना नकार

अव्हॉइड, रिफ्रेन, अ‍ॅबस्टेन, इव्हेड, प्रिव्हेंट या क्रियापदांत नकाराची खूण दिसत नाही. नकार अर्थातच मुरलेला असतो. ‘अव्हॉइड’ म्हणजे टाळणे. ‘रिफ्रेन’ म्हणजे करावेसे वाटत असूनही स्वतःला आवरणे. ‘इव्हेड’ म्हणजे कर्तव्य चुकवणे. करविषयक परिभाषेत ‘अव्हॉइडन्स’ म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर टाळणे आणि ‘इव्हेजन’ म्हणजे कर चुकवणे. ‘करचुकवेगिरी’ हा शब्द दुसऱ्यासाठीच योग्य आहे.

नकार आधीच शब्दात असल्याने येथे दुसरा नकार घालणे घातक ठरते. ‘अनलेस’ आणि ‘अन्टिल’ या अव्ययांबाबत ही चूक सर्रास आढळते. मराठीत ‘तू आला नाहीस तर’ किंवा ‘तो येत नाही तोपर्यंत’ अशी नकारयुक्त रचना असते. म्हणून विद्यार्थी ‘अनलेस यू डू नॉट कम’, ‘अन्टिल ही डझ नॉट कम’ असे लिहितो. पहिल्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

नकारात्मक प्रश्नांच्या उत्तरांतही असेच घडते. ‘व्हॉल्व्ह बंद नाही का?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, बंद नाही’ असे म्हणता येते. ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘येस’ म्हणजे ‘बंद आहे’ आणि ‘नो’ म्हणजे ‘बंद नाही’. कारखान्यात हा गैरसमज महागात पडू शकतो. अशा वेळी केवळ ‘येस’ वा ‘नो’ न म्हणता पूर्ण वाक्य उच्चारण्याची सवय लावणे हाच सुरक्षित मार्ग होय.

विरोध : असहकारापासून संमतीपर्यंत

अ‍ॅन्टी- आणि काउंटर- हे उपसर्ग अभाव सांगत नाहीत. ते समोर उभ्या असलेल्या गोष्टीला भिडतात. म्हणूनच ‘अ‍ॅन्टीबॉडी’साठी प्रतिपिंड आणि ‘अ‍ॅन्टीडोट’साठी उतारा हे शब्द आहेत, ‘अ-’ येथे निरुपयोगी ठरला असता.

स्वातंत्र्यलढ्याच्या परिभाषेत हा विवेक स्पष्ट दिसतो. १९२० च्या ‘नॉन-को-ऑपरेशन’साठी ‘असहकार’ हा शब्द रूढ झाला, तर १९३० च्या ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’साठी ‘सविनय कायदेभंग’. पहिल्यात सहकार्य काढून घेणे आहे; दुसऱ्यात उघड कृती आहे, म्हणून ‘अ-’ऐवजी ‘भंग’ आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे झालेला जंगल सत्याग्रह हे या दुसऱ्या प्रकाराचे जिल्ह्यातील ठळक उदाहरण होय.

नकार व संमती यांतील अंतराचा प्रश्न पेण तालुक्यात पुन्हा उभा राहिला तो विशेष आर्थिक क्षेत्राच्या निमित्ताने. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनाबाबत २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातील २२ गावांतील शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. अशा प्रसंगी ‘ऑब्जेक्शन’, ‘डिसेन्ट’, ‘रिफ्यूजल’ आणि ‘कन्सेन्ट’ यांचे अर्थ समजणे अत्यावश्यक ठरते. ‘ना-हरकत’ या शब्दात दोन नकार आहेत. तरी त्यांची बेरीज संमती होत नाही. हरकत न घेणारा माणूस गप्प असू शकतो, संमती देणाऱ्याला बोलावे लागते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीनधारकाच्या हाती मुख्यत्वे हरकत नोंदवणे एवढेच होते. त्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या कायद्याने खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनास ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांस ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरवली. हरकतीकडून संमतीकडे झालेला हा प्रवास शब्दाचा आहे, तसाच अधिकाराचाही आहे.

निष्कर्ष

इंग्रजी नकारवाचक शब्द शिकवताना उपसर्गांच्या यादीऐवजी संबंधांपासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल. प्रत्येक शब्दाबाबत चार प्रश्न विचारता येतील : ही वस्तू केवळ वर्गाबाहेर आहे की दोषयुक्त आहे? तिचा अभाव ही उणीव आहे की सुटका? येथे कोणी काही टाळत आहे, आवरत आहे की चुकवत आहे? आणि समोर केवळ रिकामी जागा आहे की विरोध उभा आहे? या प्रश्नांची उत्तरे देण्यास लागणारी सामग्री विद्यार्थ्याच्या मातृभाषेत पूर्वीपासून आहे. नापीक, पडीक आणि बिगरशेती यांतील भेद ज्याला घरीच कळला आहे, त्याला अन- आणि नॉन- यांतील भेद कळणे अवघड नाही. भाषाशिक्षकाबरोबरच रसायनशास्त्र, वाणिज्य व राज्यशास्त्र यांच्या अध्यापकांनीही आपापल्या परिभाषेतील नकाराकडे असे लक्ष वेधले, तर विद्यार्थी पिंपावरील सूचना आणि दस्तऐवजातील अट सारख्याच सावधपणे वाचू शकेल.