तंबोऱ्याची पारख आणि कारागिराचे नाव

पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी कंठसंगीताचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास तंबोरा विकत घ्यावयाचा झाल्यास त्याच्यापुढे प्रथम एक अडचण उभी राहते. दहा-पाच तंबोरे शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करावी, अशी सोय त्याला जवळपास सहसा मिळत नाही. मग वाद्य मिरजेहून आणावे, आणि तेही अमक्याच नावाचे आणावे, असा सल्ला त्यास मिळतो. कानाने करावयाची परीक्षा अशा रीतीने नावावर सोपविली जाते. हे कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ खर्चाचा नव्हे. ज्या षड्जाशी विद्यार्थी आपला गळा वर्षानुवर्षे जुळवून घेतो, तो षड्ज त्यास तंबोराच पुरवितो. सदोष वाद्यावर घडलेला कान पुढे सुधारणे अत्यंत कष्टाचे असते.

१. मिरजेचे नाव

मिरज येथील तंतुवाद्यांच्या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी या कामात प्रथम लक्ष घातले, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हा धंदा तेथे स्थिरावला. पुढे अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाचे वास्तव्य मिरजेस झाले. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीतही चांगली गती होती. गायक आणि कारागीर यांचा असा निकटचा सहवास लाभल्यामुळे मिरजेच्या तंबोऱ्यास जो लौकिक प्राप्त झाला, तो निराधार म्हणता येणार नाही.

तथापि या लौकिकाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. धंद्यावरून पडलेले ‘सतारमेकर’ हे आडनाव एकाच कारखान्याचे नाही. अनेक कुटुंबे ते लावतात. शिवाय भोपळे बहुतांशी पंढरपूर-मंगळवेढे भागातून येतात, आणि एकाच शेतातील दोन भोपळेही जाडीने व घडणीने सारखे नसतात. सन २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मानांकन वाद्याच्या उगमाची ग्वाही देते, त्या विशिष्ट वाद्याच्या नादाची नव्हे.

२. नाद कोठे घडतो

तंबोऱ्याची तार छेडली असता तिचा कंप घोडीवाटे तबलीस पोचतो, आणि तबली व भोपळ्यातील हवा मिळून तो नाद बाहेर टाकतात. गिटारमध्ये तार घोडीच्या अरुंद कडेवरून सुटते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असून तिचा पृष्ठभाग किंचित उतरता व बाकदार घासलेला असतो. कंप पावताना तार या पृष्ठभागास पुनःपुन्हा स्पर्श करते, आणि त्यामुळे मूळ स्वरासमवेत त्याचे वरचे अंशस्वर ठळकपणे ऐकू येऊ लागतात. यालाच जव्हारी म्हणतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा गांधार हा तिचा पाचवा अंशस्वर होय. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद पडतो, ते अंशस्वर पूर्वमान्य नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत. पण तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या या विशिष्ट रचनेत असल्याचे प्रतिपादिले.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. जव्हारी ही वाद्यात कायमची भरलेली वस्तू नव्हे. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, नाद मंद अथवा कर्कश होतो, आणि घोडी पुन्हा घासावी लागते. त्यामुळे उत्तम कारागिराचे वाद्य काही वर्षांनी अनभ्यस्त हाताने घासले गेले, तर चिठ्ठीवरील नाव तेच राहूनही तंबोरा निराळा होतो.

३. गिटार व व्हायोलिन यांचा पुरावा

नावाच्या प्रभावाची पद्धतशीर परीक्षा पाश्चात्त्य वाद्यांच्या बाबतीत झालेली आहे. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एकवीस अनुभवी वादकांना गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. त्यांपैकी तीन नवी होती व तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची होती. सर्वांत अधिक पसंती एका नव्या वाद्यास मिळाली, आणि सर्वांत कमी पसंतीचे वाद्य स्ट्रॅडिव्हरीचे निघाले. गिटारविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा वाद्ये केवळ पाठीच्या व बाजूंच्या लाकडापुरती भिन्न ठेवली होती. बावन्न वादकांनी ती न पाहता वाजविली, तेव्हा महाग व स्वस्त लाकडांच्या वाद्यांना मिळालेले गुण जवळजवळ सारखे आढळले. स्पेनचे विख्यात कारागीर आन्तोनियो दे तोरेस यांनी तर १८६२ साली पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार घडविली होती. नादाचा मुख्य भार वरच्या फळीवर असतो, हे त्यांना दाखवावयाचे होते.

याचा अर्थ नावास मुळीच मूल्य नाही असा नव्हे. १८३३ पासून चालत आलेल्या मार्टिन यांच्यासारख्या कारखान्याचे नाव मापांच्या एकसारखेपणाची आणि पुनर्विक्रीच्या किमतीची बरीच हमी देते. तंबोरा मात्र हाताने, एकेक घडतो. म्हणून त्याच्या बाबतीत नावावरून वाद्याचे अनुमान करणे अधिकच धोक्याचे ठरते.

४. परीक्षेची रीत

प्रथम आपली पट्टी ठरवावी. पुरुषांचा तंबोरा साधारणतः काळी एकच्या व स्त्रियांचा काळी चारच्या आसपास लावला जातो. खालच्या पट्टीसाठी घडविलेला मोठा तंबोरा बळाने वर चढविल्यास तारांचा ताण वाढून दांडी व तबली या दोहोंवर भार पडतो. त्यानंतर शिराच्या बाजूने डोळा लावून दांडी सरळ आहे की नाही ते पाहावे. घोडीखाली तबली दबलेली नसावी. भोपळा पूर्ण वाळलेला असावा, आणि रंगाखाली भरून काढलेली भेग नसावी. तारा लावून अर्धा तास वाद्य तसेच ठेवावे. खुंट्या सुटत असतील तर स्वर उतरलेला आढळेल.

मग जव्हारी तपासावी. प्रत्येक तार स्वतंत्र छेडून चारही तारांचा नाद एकाच जातीचा आहे ना, हे ऐकावे. तारेखालील सूत किंचित सरकविताच नाद क्रमाने खुलावा व मिटावा. तो एखाद्याच जागी अकस्मात खुलत असेल, तर घोडीचा पृष्ठभाग नीट उतरलेला नाही असे समजावे.

शेवटी दोन तंबोरे एकाच पट्टीत बारकाईने मिळवून घ्यावेत, कारण चढ्या अथवा मोठ्या नादाकडे कान सहज ओढला जातो. सोबत्याने ते आपल्या पाठीमागे, क्रम बदलून, पाच वेळा वाजवावेत आणि आपण प्रत्येक वेळी आवडलेल्याची नोंद करावी. मनात काहीच फरक जाणवत नसताना पाचही वेळा एकाच वाद्याची निवड केवळ योगायोगाने होण्याचा संभव सोळांत एक इतकाच असतो. निवड पालटत राहिली, तर स्वस्त वाद्य घेण्यास हरकत नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

५. निष्कर्ष

ही परीक्षा उमरखेडात बसून करता येत नाही, हे खरे. म्हणूनच तंबोऱ्यासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून प्रवासखर्च प्रथम बाजूला काढावा, आणि नावापोटी द्यावयाची जादा किंमत त्यानंतर विचारात घ्यावी. जाणत्या गायकास बरोबर नेता आले तर उत्तमच. विक्रेत्यास विचारावयाचा मुख्य प्रश्न एवढाच, की वर्षा-दोन वर्षांनी या घोडीची जव्हारी कोण लावून देईल, आणि ते काम त्याच्याकडून शिकता येईल काय. ज्या नावामागे या प्रश्नाचे उत्तर देणारा हात आहे, त्या नावास तंबोऱ्याच्या बाबतीत निश्चितच मोल आहे. केवळ भोपळ्यात चिकटविलेल्या चिठ्ठीस ते देता येणार नाही.